घरबघे

पुण्यात तीन प्रकारचे लोक राहतात: घर असलेले, घर नसलेले आणि घरबघे. पहिल्यांना हप्ता असतो, दुसऱ्यांना घरमालक असतो. घरबघ्यांना कोथरूड आणि वाकड असतं.

घरबघे वयाने पंचेचाळिशीच्या पुढचे, नोकरीला हिंजवडीत आणि राहायला औंधात, भाड्याने. आई-वडील कोथरूडला. त्यामुळे घर ऑफिसजवळ घ्यावं की आई-वडिलांजवळ, असा अगदी साधा प्रश्न त्यांच्यापुढे होता. मुलगी दुसरीत असताना त्यांनी पहिला फ्लॅट पाहिला, तो तिच्या शाळेच्या दृष्टीने. हल्ली ते तिच्या नोकरीच्या दृष्टीने पाहतात. मध्ये कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं आहे: "फायनल स्टेजला आहे."

रविवारी सकाळी ते खांद्याला पिशवी लावून निघतात. पिशवीत मोजायचा टेप, फोनचा चार्जर आणि एक गोटी. चार्जर प्रत्येक प्लगमध्ये खुपसून पाहायला, आणि गोटी बाथरूमच्या फरशीवर सोडायला. ती जाळीकडे घरंगळली तर उतार बरोबर. दाराकडे आली तर घरबघ्यांचा चेहरा खुलतो. सॅम्पल फ्लॅटमध्ये ते आधी पलंग मोजतात.

"ताई, हा पलंग पावणेसहा फुटांचा आहे. यावर माणूस झोपला तर त्याचे पाय शेजारच्याच्या कार्पेट एरियात जातील."

"सर, तो फक्त शोसाठी आहे."

"आणि आतली दारं?"

"सॅम्पलला लावत नाही सर. जागा मोठी दिसते."

"मग आमच्या घरालाही लावू नका."

जाहिरातीत क्यूआर कोड छापणं महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचं केलं, तेव्हा घरबघ्यांना सण आल्यासारखं वाटलं. तेव्हापासून ते सिग्नलला थांबले की समोरचं होर्डिंग स्कॅन करतात. अमुक प्रकल्पाच्या ताब्याची तारीख कितीदा पुढे गेली हे बिल्डरला आठवत नसेल, पण त्यांना आठवतं.

कोथरूडबद्दल त्यांचं मत उत्तम आहे. वनाजहून ६ मार्च २०२२ला मेट्रो सुरू झाली, आता ती थेट रामवाडीपर्यंत जाते. दशभुजा गणपती आहे, मृत्युंजयेश्वर आहे, यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे, आणि पाणी खडकवासल्याचं. "पण," ते म्हणतात, आणि चष्मा काढून पुसतात. पण जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. पार्किंग बांधलं तेव्हा सभासदांकडे लूना होत्या. रीडेव्हलपमेंट म्हणावं, तर बारापैकी अकरा सभासदांनी सह्या केलेल्या असतात आणि बाराव्याचा वास्तूवर जीव असतो.

वाकडबद्दलही त्यांचं मत उत्तमच आहे. लिफ्ट तीन, पोहण्याचा तलाव, क्लब हाउस, मॉल, आणि ऑफिस हाकेच्या अंतरावर. फक्त ती हाक भूमकर चौकातून जाते, त्यामुळे पाऊण तास लागतो. शिवाय वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये. तिथलं पाणी पवना धरणाचं, आणि नोव्हेंबर २०१९ पासून ते दिवसाआड मिळू लागलं. म्हणून घरबघे सकाळी सोसायटीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर बसतात आणि आत जाणारे टँकर मोजतात. वॉचमन त्यांना सलाम करतो. पाणीखात्याचे साहेब असावेत, असा त्याचा समज आहे.

कोथरूडच्या एजंटला ते वाकडचा पोहण्याचा तलाव ऐकवतात आणि वाकडच्या एजंटला कोथरूडचं नाट्यगृह. त्यांना पोहता येत नाही. नाटक शेवटचं कधी पाहिलं, ते वहिनींना विचारावं लागेल.

या साऱ्या अभ्यासाची एक एक्सेल शीट आहे. शाळा, दवाखाना, भाजी, रिक्षा, वारा, शेजार अशा प्रत्येक रकान्याला गुण आहेत. दोन्ही भाग अर्ध्या-पाव गुणाच्या फरकाने झुंजत असतात, आणि झुंज चालू आहे तोवर घरबघ्यांना शांत झोप लागते. एकदा वाकड चार गुणांनी पुढे गेलं. आता घर घ्यावंच लागतंय की काय, या धसक्याने ते रात्री उठले आणि त्यांनी 'डास' हा नवा रकाना घातला. मुळा नदीतल्या जलपर्णीने वाकडचे साडेतीन गुण खाल्ले आणि घर पुन्हा शांत झालं.

पैशाचा हिशेबही तयार आहे. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, पण घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर सहा. म्हणजे एक कोटीच्या घरावर एक लाख वाचले. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर पाच टक्के जीएसटी, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्यावर शून्य. म्हणजे आणखी पाच लाख वाचले. नोंदणी फी कितीही मोठं घर घेतलं तरी तीस हजारांच्या वर जात नाही, हे ते प्रत्येकाला स्वतः सवलत दिल्याच्या थाटात सांगतात. हे सहा लाख घरबघे दरवर्षी वाचवत आले आहेत. दरम्यान दोन्हीकडचे भाव किती वाढले, याचा रकाना शीटमध्ये नाही.

वहिनींनी एकदा सुचवून पाहिलं, "अहो, आपण राहतो तेच घर मालक विकतायत म्हणे. विचारू या का?"

"औंध?" घरबघे दचकले. "औंधचा आपला अभ्यास नाही."

ऑफिसात त्यांची थट्टा होते. पण घर बघायची वेळ आली की थट्टा करणारेच त्यांच्या टेबलापाशी येतात, कारण बाकी कोणाला विचारण्यात अर्थ नसतो. बिल्डरला विकायचं असतं, एजंटला टक्का हवा असतो, बँकेला कर्ज द्यायचं असतं. घर घेतलेला तर सगळ्यांत बेभरवशाचा. वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर असताना आपला भाग वाईट, असं कोण म्हणेल? कोथरूडकर विचारतो, "कोथरूडच्या बाहेर पुणं आहे का?" वाकडकर म्हणतो, "पाण्याचा काही त्रास नाही. टँकर अगदी वेळेवर येतो."

घरबघ्यांचं मात्र कुठेच काही अडकलेलं नाही. घर पाहायचं तर भर पावसाळ्यात पाहा, म्हणजे भिंती खरं बोलतात. सोसायटीचा ताळेबंद मागून टँकरचा खर्च बघा. भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय 'रेडी पझेशन' या शब्दांवर विश्वास ठेवू नका. नदीकाठ असेल तर निळी पूररेषा नकाशावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. हे सगळं ते फुकट सांगतात, चहाचे पैसेही स्वतःच देतात. त्यांच्या सल्ल्याने ऑफिसातल्या कितीतरी जणांची घरं झाली. प्रत्येक वास्तुशांतीला ते सहकुटुंब जातात, भरपेट जेवतात आणि निघताना कोपऱ्यातली एक फरशी वाजवून म्हणतात, "पोकळ आहे. पण छान आहे."

तेव्हा घर घ्यायचं नक्की केलं असेल तर आधी घरबघ्यांना गाठा. अख्ख्या शहरात इतका निःस्वार्थी माणूस मिळणार नाही. आणि नक्की केलं नसेल, तर त्यांच्यापासून चार हात लांब राहा. एक्सेल शीटची प्रत ते कोणालाही आनंदाने देतात, आणि तिच्यात तिसऱ्या भागासाठी जागा मोकळी ठेवलेली आहे.