पांढरी ट्यूब

चित्रकलेचे सर हा शाळेतला सर्वांत बिनकामाचा आणि सर्वांत कामाचा माणूस असतो. बिनकामाचा अशासाठी, की गणिताचा पोर्शन राहिला की पहिली कुऱ्हाड चित्रकलेच्या तासावर पडते. आणि कामाचा अशासाठी, की फळ्यावरचा सुविचार, गॅदरिंगचा पडदा, पाहुण्यांच्या स्वागताचा फलक, निवृत्त होणाऱ्या शिपायाचं मानपत्र, झालंच तर मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नातली कमान, ही सगळी अक्षरं एकाच हाताने काढायची असतात. सावंतवाडीच्या आमच्या शाळेतल्या सरांनी हे सगळं केलं आणि वर जनगणनाही केली. असं सांगतात, की एका घरी माणसं मोजायला गेले ते पडवीतल्या खांबावरचं कोरीवकाम बघत बसले. माणसं दुसऱ्या दिवशी जाऊन मोजली.

सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनाही ते आवडलं नसतं. सही कशी करावी याबद्दल त्यांची मतं कडक होती. खाली, उजव्या कोपऱ्यात, बारीक. चित्रापेक्षा सही मोठी दिसली, की ते कागद उलटा करून ठेवायचे आणि म्हणायचे, "ह्यो पुढारी होतलो."

आता सावंतवाडीत चित्रकला शिकवणं म्हणजे कोल्हापुरात कुस्ती शिकवण्यापैकीच. समोरच्याच्या घरात ती आधीपासून असते. चितारआळीत पांगाऱ्याच्या लाकडाचे आंबे, केळी, वांगी अशी रंगवून ठेवलेली, की नवखा पर्यटक किलोचा भाव विचारतो. राजवाड्यात गंजिफा रंगवतात. दशावतारी गंजिफांचा एक संच १२० गोल पत्त्यांचा, दहा अवतारांचे बारा-बारा. आमच्या सरांची एकमेव शिक्षा हीच होती. दंगा केला की दहा अवतार क्रमाने काढून आणायचे. वर्गातल्या सर्वांत व्रात्य मुलाचा वराह त्यामुळे इतका सुधारला, की सर त्याला दंग्यासाठी मुद्दाम मोकळा सोडतात, असा आम्हाला संशय होता.

सरांचा खरा शत्रू एकच, पांढरा रंग. पाचवीच्या पहिल्या तासाला सगळ्यांच्या रंगपेट्या उघडायला लावून ते पांढरी ट्यूब जप्त करीत. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. जिथे उजेड हवा तिथे रंग लावायचाच नाही. दहा वर्षांच्या पोराला हे पटत नाही. त्याला चंद्र काढायचा असतो आणि चंद्रासाठी पैसे मोजलेले असतात. एका मुलाचे किराणा दुकानदार वडील तक्रार घेऊन आले. बारा रंगांचे पैसे दिले, पोराच्या हातात अकरा. सरांनी त्यांच्यापुढे ड्रॉइंगचा कागद धरला. "ह्यो पांढरो फुकट मिळालो आसा. परत इकत कित्याक घेतास?" दुकानदाराला कला कळली की नाही कोण जाणे, हिशेब मात्र लख्ख कळला. त्यानंतर पेटीतून पांढरी ट्यूब आधीच काढून ती सुटी विकता येते का, याची त्यांनी चौकशी केली म्हणतात.

जप्त ट्यूबांचं सर काय करीत, हा प्रश्न आम्हाला छळायचा. उत्तर कबड्डीच्या मैदानावर मिळालं. आमच्या संघाच्या निळ्या बनियनांवरचे नंबर सरांनी त्याच रंगाने काढले होते. नंबर देखणे होते, पण रंग पाण्याचा. मध्यंतरापर्यंत घामाने सगळे आकडे ओघळले आणि सातही गडी एकाच नंबरचे झाले. पंचांनी हरकत घेतली. सर शांतपणे म्हणाले, "खेळ बघा, आकडे काय बघतास?"

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना त्या काळी कोणी लाभासाठी बसत नसे. आता इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीत ७ गुण वाढतात, त्यामुळे आयुष्यात कधी पेन्सिलीला टोक न काढलेली मुलंही शेडिंगच्या क्लासला जातात. आमच्या वेळी सर सांगत म्हणून बसायचं, एवढंच. त्यातला स्मरणचित्राचा पेपर म्हणजे महाराष्ट्रातल्या तमाम विद्यार्थ्यांची एकजूट होती. विषय बाजाराचा असो, यात्रेचा असो की बसस्टॉपचा, सगळे पाऊस पाडत. कारण पाऊस पडला की छत्र्या येतात आणि छत्र्या आल्या की चेहरे काढावे लागत नाहीत. हात काढता येत नसलेली मुलं तर माणसांना रेनकोट घालून हात खिशात घालायला लावत. सरांनी वर्गात छत्रीबंदी केली. कोकणात, जुलै महिन्यात! "छत्रीखाली माणूस आसा काय नुसती छत्रीच चलता?" असं विचारत ते बाकांमधून फिरायचे.

माझी गोष्ट वेगळी होती. मला छत्रीही येत नव्हती. वस्तुचित्राला समोर पितळी तांब्या ठेवला, तर माझ्या कागदावरचा तांब्या नुकताच कोणाशी तरी भांडून आल्यासारखा दिसे. सर माझ्या मागे उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत, जे त्यांच्याबाबतीत वाईट लक्षण होतं. मग त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, तांब्या टेबलावरून उचलून मागच्या खिडकीत ठेवला आणि मला त्याच्यासमोर उभं केलं. बाकी वर्गाची तोंडं फळ्याकडे. "तू बघ आणि सांग. हे काढतले. मागे वळाचा नाय कोणी."

मी सांगितलं, "खाली गोल आहे. वर मान आहे. मानेच्या वर पुन्हा गोल. आणि चकाकतंय."

पाच मिनिटांनी कागद गोळा झाले. एकाने समई काढली होती, एकाने विजेचा बल्ब. तिसऱ्याने आमचे मुख्याध्यापक काढले होते. खाली गोल, वर मान, पुन्हा गोल, आणि चकाकणारं. सरांनी ते चित्र बराच वेळ न्याहाळलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चित्रां बरोबर आसत. सांगणारो चुकलो."

दुसऱ्यांदा मी नीट बघितलं. तांब्याच्या डाव्या अंगाला, पोटाच्या जरा खाली, एक पोचा होता. त्या पोच्यात खिडकीचे गज वाकडे दिसत होते आणि गजांच्या मधोमध, अंगठ्याएवढा, मी उभा होतो. हे सांगायला लागलो तेव्हा पेन्सिलींची खसखस थांबली आणि वळू नये असं बजावलेलं असतानाही दोघातिघांनी मान वळवली. सर रागावले नाहीत. शाबासकीही दिली नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्यासमोर काजळी धरलेला कंदील ठेवला, त्याच्या पुढच्या शनिवारी लाकडी फणस. कौतुक करणं हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच. काम बरं झालं की पुढचं, जास्त अवघड काम मिळायचं. त्यामुळे त्यांचे लाडके विद्यार्थी कोण, हे कोणाला विचारावं लागत नसे. जे सर्वांत थकलेले दिसत, ते.

पावसाळ्यात ही सगळी थकलेली मंडळी संध्याकाळी गणपतीच्या शाळेत असत. आमच्याकडे मूर्ती घडवतात त्या जागेला शाळाच म्हणतात, आणि सरांचा खरा वर्ग तिथे भरायचा. ज्याचा हात चित्रात सर्वांत चांगला, त्याला माती मळायला. अंगात सर्वांत मस्ती असलेल्याला ओल्या ब्रशने मूर्ती गुळगुळीत करायला. डोळे रेखायचं काम मागून मिळत नसे. एका मुलाने ते मिळावं म्हणून तीन पावसाळे नुसते उंदीर रंगवले. आज तो दाताचा डॉक्टर आहे. कवळीच्या दाताची छटा शेजारच्या खऱ्या दाताशी इतकी जुळवतो, की पेशंटलाच कोणता दात आपला ते आठवत नाही. डोळे रेखायचं काम अखेर मिळालं, तेव्हा पहिल्या डोळ्याची रेघ ओढताना त्याने श्वास धरला होता. सर मागून म्हणाले, "श्वास घे मेल्या, गणपतीक घाई नाय." दुसरा एक नंबरप्लेटा रंगवायचा, आता दशावतारात स्त्रीपार्ट करतो. मेकअप स्वतःचा स्वतः, आणि पांढरा हात राखून. तो व्रात्य वराहवाला बँकेत आहे. ग्राहकाची सही मोठी असेल तर कर्जाचे कागद दोनदा तपासतो.

मी लिहायला लागलो, तेव्हा छापून आलेलं सरांना पाठवायचो. उत्तराला पोस्टकार्ड यायचं, वळणदार अक्षरात, चारी बाजूंनी मोजून समास सोडलेलं. पहिल्या कार्डावर एवढंच होतं: "लेख वाचला. छत्र्या फार आहेत." मी लेख पुन्हा काढून बघितला. जिथे जिथे माणसाबद्दल काही सांगायचं टाळलं होतं, तिथे तिथे मी पावसाचं वर्णन केलं होतं.

सर गेले, त्यानंतर शोकसभा झाली. मंचामागे फ्लेक्स होता. फोटो आडवा ताणल्यामुळे सर चांगले गरगरीत दिसत होते, आणि 'भावपूर्ण' मधला पू ऱ्हस्व होता. दोन मिनिटं मौनाला सगळे उभे राहिले. मी डोळे किलकिले करून बघितलं, तर सगळे माजी विद्यार्थी माना तिरप्या करून त्या फ्लेक्सचा समास मापत होते. मौन संपताच दाताचा डॉक्टर माझ्या कानाशी लागला, "पार्श्वभूमी पांढरी आहे रे." आम्ही इतक्या जोरात हसलो, की अध्यक्षांना ते हुंदके वाटले आणि त्यांनी आमच्यासाठी पाणी मागवलं.

एरवी शांत असणारे सर आपल्या मातीतल्या एका चित्रकारावरून मात्र भांडायला उठत. सावळाराम हळदणकर, जन्म १८८२, सावंतवाडी. हाताच्या आडोशाने दिवा जपत उभी असलेली बाई, त्यांचं हे जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. मॉडेल म्हणून त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. अर्ध्या देशाला हे चित्र राजा रविवर्म्याचं वाटतं. "रविवर्मा १९०६ साली गेलो," सर टेबलावर हात आपटून म्हणत, "ह्या चित्र त्याच्यामागून चाळीसेक वर्षांनी काढलेला. भूत होऊन इललो काय काढूक?"

मध्यंतरी आम्ही म्हैसूरला गेलो. चित्रासमोर एक मराठी कुटुंब उभं होतं आणि वडील मुलीला समजावत होते, "हे बघ, राजा रविवर्मा." बायकोने माझी बाही धरली, पण उशीर झाला होता. मी त्यांना सन सांगितले, सावंतवाडी सांगितली, गीता सांगितली. बोटांच्या फटीतून येणारा तांबूस उजेड कुठून सुरू होतो आणि कुठे विरतो ते दाखवलं. मग पांढऱ्या रंगाकडे वळलो. ती मुलगी काचेला नाक लावून बघत होती. तिचे वडील घड्याळाकडे बघत होते. शेवटी त्यांनी खिशात हात घालून अदबीने विचारलं, "साहेब, गाइडचे किती घेता?"

"चहा पाजा, पुरे," माझी बायको म्हणाली. "पण मग फणसापर्यंत थांबावं लागेल."