हो जाएगा, साहब

लग्नकार्यात कोणी विचारलंच तर मी सांगतो, ‘माझ्या हाताखाली तीनशे माणसं आहेत.’ हे खोटं नाही. ती मुकादमांच्या हाताखाली आहेत, मुकादम ठेकेदारांच्या हाताखाली आहेत आणि ठेकेदार उचल घेऊन गावी गेले आहेत. राहता राहिलो मी. हे ऐकून समोरचा प्रभावित होतो आणि माझा हात धरून मला कार्यालयातून थेट शेजारच्या त्याच्या घरी नेतो. पंगत मांडलेली असते आणि मी कोणाच्या तरी बेडरूममध्ये कपाटामागे वाकून भिंतीची ओल बघत असतो. ‘वरच्यांच्या बाथरूममधून येतेय ना?’ असं मी म्हणावं एवढीच त्याची अपेक्षा असते. मी म्हणतो. जिलबी संपलेली असते.

माझ्या कार्डावर ‘कन्स्ट्रक्शन मॅनेजर’ असं छापलंय. पुण्यात वाकडच्या पुढे, जिथे काल-परवापर्यंत शेतं होती, तिथे आमचे तीन टॉवर उभे राहताहेत. साइटवर मला ‘बडे साहब’ म्हणतात. म्हणजे ज्याला कोणीच जबाबदार नाही, त्याला मी जबाबदार. टँकर आला नाही, मी. टँकर आला आणि मागे घेताना कुंपण पाडून गेला, तरी मीच. ओल्या काँक्रीटवरून कुत्रं चाललं, तेव्हा त्या कुत्र्याचा गेटपास कोणी दिला, असंही मला विचारून झालंय.

कामाचं वेळापत्रक आम्ही एका सल्लागाराकडून करून घेतलं. संगणकावरचं, रंगीत पट्ट्यांचं, जमिनीवर अंथरलं तर वर सतरंजी लागू नये एवढं लांब. त्यात पावसाळा होता, दिवाळीचे चार दिवस होते. छठ नव्हती. आमचे सेंटरिंगवाले बिहारचे. त्यांची दिवाळी छठपूजेला संपते आणि छठपूजा परतीचं तिकीट मिळेल तेव्हा. गवंडी मालदा-मुर्शिदाबादचे, ते ईदला जातात. टाइलवाले राजस्थानचे, ते होळीला. प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाड्याचे. जूनच्या मध्यात तिकडे ‘रज’ नावाचा सण असतो. धरणीमाता तीन दिवस विश्रांती घेते, म्हणून कोणी जमीन नांगरत नाही. फार सुंदर कल्पना आहे. तिकडे धरणी तीन दिवस निजते आणि इकडे माझ्या बी विंगचे पाइप पुढचा महिनाभर. शिवाय प्रत्येक राज्यात निवडणुका असतात, प्रत्येक गावात भाताची कापणी असते आणि प्रत्येक मजुराला एक लग्नाची बहीण असते. काहींना दरवर्षी तीच.

‘तिसरा मजला कधी?’ असं मी विचारलं की मुकादम म्हणतो, ‘हो जाएगा, साहब.’ मी शेठना सांगतो, ‘होऊन जाईल.’ शेठ ग्राहकांना सांगतात, ‘झाल्यातच जमा आहे.’ महारेराच्या संकेतस्थळावर मात्र ताबा द्यायची तारीख आकड्यांत लिहावी लागते, ही सरकारची थोडी अरसिकताच म्हणायची.

रविवारी ग्राहक साइट बघायला येतात. त्यांतले एक काका मला आयुष्यभर आठवतील. पाटबंधाऱ्यातून निवृत्त. डोक्यावर आमचं हेल्मेट, हातात स्वतःचा टेप, खिशात दोन रुपयांचं नाणं आणि एक काचेची गोटी. नाण्याने एकेक टाइल वाजवत ते पूर्ण हॉलभर फिरले. जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने फुली. मग टेप उघडला.

‘इंजिनिअर साहेब, नकाशात दहा फूट आहे. इथे नऊ-अकरा भरतंय.’

‘काका, तुम्ही स्कर्टिंगपासून धरलंय.’

‘मग सोफा काय स्कर्टिंगच्या आत घुसवू?’

याला भारतीय मानक ब्यूरोकडेही उत्तर नसावं. त्यानंतर काकांनी बाथरूममध्ये गोटी सोडली. फरशीचा उतार जाळीकडे असला पाहिजे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. गोटीने क्षणभर विचार केला, जाळीकडे पाठ फिरवली आणि संथपणे दाराकडे निघून उंबऱ्याला टेकली. सुपरवायझरच्या चेकलिस्टवर ‘उतार’ या शब्दापुढे ठसठशीत बरोबरची खूण होती. मी टाइलवाल्याला बोलावलं. त्याने गोटी उचलली, उजेडात धरून नीट पाहिली आणि म्हणाला, ‘गोली खराब है, साहब.’

पण खरी मजा स्लॅबच्या दिवशी. सकाळी पंपाला हार, नारळ, उदबत्ती. तयार काँक्रीटच्या गाड्या प्लँटवरून यायच्या. १२० घनमीटरचा स्लॅब, एका गाडीत ६ घनमीटर, म्हणजे २० गाड्या. पाणी मिसळल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी आणि मध्ये पुण्याची वाहतूक. प्लँटवाला फोनवर सांगतो, ‘निघाली साहेब, पूल उतरली.’ कोणता, ते सांगत नाही. पुण्यात पुलांना तोटा नाही.

गाडी आली की स्लम्प टेस्ट. ३०० मिलिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू, त्यात काँक्रीट ठासायचं, शंकू अलगद वर उचलायचा आणि आतला ढीग किती खाली बसतो ते मोजायचं. त्या दिवशी १२० बसला. पंपासाठी उत्तम. मुकादमाने त्याच्याकडे पाहिलं, तोंडातला ऐवज एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि म्हणाला, ‘सूखा है. थोडा पानी मार दें?’ पाणी मारलं की काँक्रीट सुरसुर पळतं, मजुरांचे हात दुखत नाहीत, स्लॅब दुपारी आटपतो आणि ताकद जाते ती जातेच. मी नाही म्हटलं. तो हसला. मी सळ्या बघायला वळलो आणि मागे पाणी पडल्याचा बारीक आवाज आला. तेव्हापासून गाडीच्या टाकीचा कॉक मी स्वतः राखतो. सिव्हिलची पदवी, त्यावर व्यवस्थापनाची पदविका आणि भर उन्हात एका पितळी नळावर पहारा. आई विचारते, ‘तिथे नेमकं काय करतोस रे?’ मी म्हणतो, ‘गुणवत्ता नियंत्रण.’

रात्री स्लॅब संपला की मुकादमाला मटणाचे पैसे द्यायचे असतात. करारात हे कलम कुठेच नाही. साइटवर ठरल्या वेळी होणारी गोष्ट मात्र तेवढी एकच.

आणि मग काँक्रीट स्वतःच्या चालीने घट्ट होत बसतं. १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून पाण्यात ठेवायचे. सात दिवसांनी काही फोडायचे, तेव्हा साधारण दोन-तृतीयांश ताकद मिळते. पुरती ताकद २८ दिवसांनी. सहा मीटरहून लांब तुळई असेल तर तिच्याखालचे टेकू २१ दिवस हलवायचे नाहीत, असं आयएस ४५६ सांगतं. आमच्या धंद्यात घासाघीस न करणारं हे काँक्रीट एकटंच. त्याला सणवार नाहीत, उचल नको, बहिणीचं लग्न नाही.

शेठना हे फार खटकतं. महापालिका, महावितरण, पोलीस चौकी, सगळीकडे त्यांची ओळख. परवा ते टेकूंच्या जंगलात वाकून उभे होते, कारण तोच माल वरच्या मजल्याला हवा होता.

‘सात दिवसांचा रिझल्ट चांगला आलाय ना? मग काढून घ्या.’

‘नाही काढता येणार, शेठ. २१ दिवस ठेवावे लागतात.’

‘पण हे ठरवतं कोण?’

‘सिमेंट.’

शेठ जरा गप्प झाले. मग खिशातून फोन काढत म्हणाले, ‘कुठल्या कंपनीचं वापरतो आपण? त्यांचा एरिया मॅनेजर माझ्या ओळखीतला आहे.’