पायलटकाका

पायलटकाकांचा विमानाशी संबंध आला तो एकदाच, मुलीकडे बंगळूरला जाताना, आणि तोही खिडकीजवळच्या सीटपुरता. बाकीचं आयुष्य त्यांनी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढलं. तरीही कोथरूडमधल्या त्यांच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या प्रत्येक कुटुंबाला पहिले काही महिने वाटत असतं, की हे गृहस्थ एअर इंडियातून निवृत्त झालेत. एका बाईंनी तर बारावीतल्या मुलाला मार्गदर्शनासाठी त्यांच्याकडे धाडला. मुलगा वही-पेन घेऊन गेला आणि दोन तासांनी परतला, तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत काळं तेल होतं आणि वहीत जिकोव्ह कार्बोरेटरचा उभा छेद होता. "काय म्हणाले काका?" आईने विचारलं. "म्हणाले, पायलट सगळ्यांत महत्त्वाचा. पण पहिला चोंदतो तोच."

असा एक जण तुमच्याही ओळखीत असणार. कुणाकडे तो लँब्रेटावाला असतो, कुणाकडे बुलेटवाला. तुम्ही लग्नाची पत्रिका द्यायला गेलात, तरी तो आधी तुमच्या गाडीचा आवाज ऐकतो, मग तुम्हाला 'या' म्हणतो.

पायलटकाकांकडे येझदी आहे, १९७४ची. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियातली गाडी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ती १९६१ पासून तयार होऊ लागली, १९७३ मध्ये तिने येझदी हे नाव घेतलं आणि १९९६ मध्ये कारखान्यालाच टाळं लागलं. सिलेंडर एक आणि सायलेन्सर दोन, असा तिचा ऐसपैस संसार. जिने किक मारायची तीच दांडी फिरवून पुढे घेतली की गिअर होतो. काका हे दाखवतात तेव्हा बघणाऱ्याने 'अरे वा' म्हणायचं असतं. ज्यांनी ते आधी अनेकदा म्हटलेलं आहे, त्यांनीही.

मुलं झाली, स्कूटर आली, मग गाडी पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली आणि पार निवृत्तीपर्यंत तिथेच राहिली. निरोपसमारंभाच्या दुसऱ्या दिवशी काकांनी ताडपत्री काढली, कार्बोरेटर सोडवला, खालची वाटी उघडली आणि आत बघून, काकूंच्या शब्दांत सांगायचं तर, "लग्नात माझ्याकडे बघितलं नाही असं बघितलं."

आत डिंक होता.

पेट्रोल वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो. उरलेला हवेतला प्राणवायू घेत घेत पिवळट-तपकिरी, चिकट होतो आणि शेवटी रोगणासारखा घट्ट बसतो. येझदी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये आधीच टू-टी ऑइल मिसळलेलं. पेट्रोल उडालं तरी ते मागे राहतंच. शिवाय मिश्रधातूच्या अंगावर पांढरी बुरशीसारखी पूड आणि पितळेवर हिरवा थर. वास तर असा, की एकदा नाकात गेला की जेवणातही येतो. या सगळ्यात मेन जेट कसाबसा तगतो, कारण त्याचं भोक मोठं. मरतो तो पायलट जेट. पितळेचा, नखाएवढा, त्याच्या भोकाचा व्यास अर्धा मिलिमीटरही नाही. पण गाडी सिग्नलला उभी असताना, ॲक्सिलरेटर न पिळता, जे चिमूटभर पेट्रोल लागतं ते त्याच्यातून येतं. तो चोंदला की गाडी पळवली तर पळते आणि सोडली की बंद पडते.

हे लक्षण एकदा पाठ झाल्यापासून काकांना जगात दुसरा आजारच दिसेना. "पळताना ठीक, थांबला की बंद" या एका कसोटीवर त्यांनी निम्म्या पुण्याचं निदान केलं आहे. जावई ऑफिसच्या फोनवर तासन् तास बोलतो आणि घरी सोफ्यावर बसला की गप्प होतो: पायलट जेट. सोसायटीचे सेक्रेटरी सर्वसाधारण सभेत धडाडून बोलतात, पण एरवी वर्षभर लिफ्टचा एक दिवा त्यांच्याने लागत नाही: पायलट जेट. महापालिकेत अडकलेल्या फाइलबद्दल कुणी तक्रार केली, तर काका विचारतात, "आयडलिंगला अडकलीय की लोडवर?" एका शेजाऱ्यांची रात्री झोप मोडायची, काकांनी त्यांनाही तेच सांगितलं आणि डॉक्टरांनी मात्र महागड्या तपासण्या सांगितल्या. तपासण्या स्वच्छ आल्या. काका तेव्हापासून त्या डॉक्टरांविषयी जरा सहानुभूतीने बोलतात.

दुर्दैव असं, की एकदा ते खरोखर बरोबर निघाले. काकूंच्या गॅसची शेगडी पिवळ्या ज्योतीने जळू लागली, भांड्यांची बुडं काळी व्हायला लागली. काकांनी बर्नरखालचा जेट काढला, साफ केला, ज्योत निळी झाली. त्यानंतर त्या घरात शांतता नाही.

साफ करण्याच्या पद्धतींचा वेगळा इतिहास आहे. पहिल्यांदा त्यांनी नाक्यावरच्या गॅरेजमध्ये जेट नेला. पोऱ्याने कॉलरची टाचणी काढून भोकात घातली. काकांना झीट यायची बाकी होती. पितळ मऊ असतं. टाचणी फिरवली की भोक लंबवर्तुळ होतं, जेटवर कोरलेला आकडा खोटा ठरतो आणि गाडी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पिते. हे त्यांनी त्या पोराला इतक्या कळकळीने समजावलं, की त्याने शेवटी टाचणी त्यांच्याच हातात दिली. मग काका तंतुवाद्यांच्या दुकानात गेले आणि सतारीची सगळ्यांत बारीक तार मागितली.

"कुणाकडे शिकता?" दुकानदाराने अदबीने विचारलं.

"नाना पेठेत."

"घराणं कुठलं?"

"जिकोव्ह."

दुकानदाराने, परदेशी शिष्यशाखा असावी असं समजून, वरचे पाच रुपये सोडले. ज्यांना नाना पेठ म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांची पेठ हे माहीत आहे, त्यांना काका हा किस्सा दर भेटीला सांगतात.

मग कुणीतरी सांगितलं, की लिंबाच्या रसात उकळल्यावर कार्बोरेटर आतूनही स्वच्छ होतो. होतोही, आम्ल सगळा साका सोडवतं. फार वेळ ठेवलं तर धातूही सोडवतं, ते नंतर कळलं. काकूंना कळलं ते त्याही आधी, कारण पातेलं लोणच्याचं होतं. तेव्हापासून घरात दोन पातेली आहेत आणि एकावर काकूंनी लाल नेलपॉलिशने 'यंत्र' असं लिहिलं आहे. सध्या काका एका चष्मेवाल्याच्या अल्ट्रासॉनिक मशिनवर नजर ठेवून आहेत. ज्या पाण्यात लोकांचे चष्मे थरथरतात त्यात आपला जेट का थरथरू नये, हा त्यांचा प्रश्न. चष्मेवाला त्यांना येताना पाहून शटर अर्धं ओढतो.

एवढं करून गाडी चालते का? चालते. ताज्या पेट्रोलवर, टिकलर दाबून, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या किकला दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर सोडत ती अशी काही बोलू लागते, की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या एकेक करून बंद होतात. काका डोळे मिटून ऐकतात. आता त्यांनी चक्कर मारून यावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पण त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी उमटते. "ऐकलंत? मधेच एक ठोका चुकतोय." दुपारी कार्बोरेटर पुन्हा वर्तमानपत्रावर सुटा पडलेला असतो. पितळी फ्लोट ते कानाशी धरून हलवतात, आत पेट्रोल शिरलंय का ते ऐकायला. गाडी उत्तम चालू असते तेव्हा काका सर्वांत बेचैन दिसतात, हे सोसायटीतल्या लहान मुलांच्यासुद्धा लक्षात आलं आहे.

२०२४ मध्ये गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि काकांना नवा विषय मिळाला. केंद्राने २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम केले आहेत: पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. मात्र मग ती रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल आणि तांत्रिक संशोधन एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. इतरांना यात अटी दिसतात. काकांनी ती यादी मोठ्याने वाचली आणि 'तांत्रिक संशोधन' या शब्दांशी थांबून काकूंकडे पाहिलं. सरकारने एखाद्या नागरिकाच्या स्वभावाला इतकी तंतोतंत मान्यता याआधी दिली नसेल.

खंडेनवमीला इतर घरांत कात्री, सुरी, लॅपटॉप पूजतात; इथे पाटावर कार्बोरेटर असतो. एका वर्षी काकूंनी भक्तिभावाने झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या. दसऱ्याला गाडी सुरू होईना. काका दिवसभर सतारीची तार घेऊन पायलट जेटशी झगडत होते. संध्याकाळी हवेच्या तोंडातून पाकळी निघाली. "म्हणजे या वेळी पायलट निर्दोष होता," काकू म्हणाल्या. काका तीन दिवस गप्प होते. सोसायटीच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा खंड.

गाडी फार दिवस उभी ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून, वाटीतलं संपून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावी, म्हणजे आत काही साचत नाही. हा काकांचा उपदेश आणि तो खराही आहे. काकूंनी तो वेगळ्या कामासाठी उचलला आहे. रात्री दिवा मालवल्यावर काकांचं बोलणं सुरूच असतं, तेव्हा त्या म्हणतात, "कॉक बंद केलाय मी. वाटीतलं आहे तोवर बोला."

आता कबूल करायला जिवावर येतं, पण सकाळी साडेसहाला त्या पार्किंगमध्ये जाऊन पाहावं. फुलवाल्या बाईंची लुना तिथे उभी असते. पेपर टाकणाऱ्याची जुनी मोटारसायकल असते. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सिक्स आलं, नव्या गाड्यांच्या पोटात बहुतेक इंजेक्टर आणि सेन्सर आले. गॅरेजमधली नवी मुलं गाडीला यंत्र जोडून पडद्यावर बिघाड वाचतात, कार्बोरेटर समोर आला की म्हणतात, "बदलून टाका." लुनाचा बदलायचा तर आठवड्याच्या फुलांचा धंदा गेला. काका तो दहा मिनिटांत उघडतात, जेट आकाशाकडे धरून आरपार उजेड बघतात, बसवतात. पैसे घेत नाहीत. घेतात ते श्रोते. फुलवाल्या बाईंनी पायलट जेटचं व्याख्यान इतक्या वेळा ऐकलंय, की काका घशाने थांबले तर पुढचं वाक्य त्या सांगतात. काका आजारी पडले तेव्हा चार दिवस पार्किंगमध्ये गाड्या साचल्या होत्या आणि खिडक्या बंद करणाऱ्या वरच्या मजल्यावरच्यांनी खाली येऊन विचारलं होतं, "काका कधी उतरणार?" कुणी नवा माणूस असता, तर त्याला पुन्हा विमानच वाटलं असतं.

अलीकडे काकांना अखेर तुल्यबळ शत्रू मिळाला आहे, आणि तो सासरचा निघाला. पेट्रोलमधलं इथेनॉल वाढत वाढत २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात आणि धातू खातात. जुन्या रबराच्या नळ्या त्याने फुगतात. जुन्या टाकीतला वर्षांचा थर ते सोडवून थेट जेटपाशी आणून ठेवतं. आता हे इथेनॉल मोठ्या प्रमाणावर येतं उसापासून, आणि काकूंचा भाऊ सांगलीकडे ऊस लावतो.

दिवाळीला मेहुणा आला की पहिला फराळ होईपर्यंत युद्धबंदी असते.

"दाजी, कारखान्याला इथेनॉलमुळं चार पैसे सुटायला लागले. आमची बिलं जरा वेळेवर यायला लागली."

"येणारच. तुझा ऊस माझ्या जेटमध्ये अडकलाय."

"तुम्ही आमचं सगळंच पेट्रोलच्या नाकानं बघता."

मागल्या दिवाळीत चकली संपल्यावर मेहुण्याने हळूच पिशवीतून जुन्या पंचात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. शेतावरची राजदूत होती, तिचा कार्बोरेटर. दोन पावसाळे सुरूच झाली नव्हती. गावातल्या फिटरने हात टेकले होते. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाटी उघडली, वास घेतला आणि काही न बोलता ती मेहुण्याच्या नाकाशी धरली.

"मळी," मेहुणा ओशाळून म्हणाला.

"लोणच्याचं पातेलं नको हं," काकू आतून ओरडल्या. "यंत्राचं घ्या!"

"भाऊबीज झाली की निघणार होतो, दाजी," मेहुणा म्हणाला.

"कशाला? आठवडाभर राहा," काका म्हणाले आणि सतारीची तार शोधायला उठले.