टाळीभाऊ

राजूर कॉलरीच्या कुठल्याही मांडवात भटजी पोचोत न पोचोत, गळ्यात हेडफोन अडकवलेला एक माणूस मधोमध उभा राहतो आणि हात उंच करून खाडकन एक टाळी वाजवतो. एकच. परगावच्या पाहुण्यांना वाटतं, मच्छर मारला.

हा आमचा शुटिंगवाला. खरं नाव रेशनकार्डावर उरलंय. गाव टाळीभाऊच म्हणतं. कॅमेरे तीन: एक स्टेजसमोर, दुसरा मांडवाच्या टोकाला, तिसरा भाच्याच्या हातात, म्हणजे बहुतेक वेळ पंगतीकडे वळलेला. आवाज चौथीकडेच, भटजींच्या माइकजवळच्या रेकॉर्डरमध्ये. घरी कम्प्युटरवर हे सगळं जुळवायचं तर खूण हवी. चित्रात हात भिडले ती फ्रेम आणि आवाजाच्या रेषेला उभा काटा फुटला ती जागा एकाखाली एक बसवायची. सिनेमावाले त्यासाठी पाटी आपटतात. भाऊ पाटीचे पैसे वाचवतो.

सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. "चाळीस मीटरवरचा कॅमेरा आवाज तीन फ्रेम लेट आयकते," तो नवरदेवाच्या बापाला गाठून सांगतो. बाप मंडपवाल्याच्या हिशेबात. "खदानीत ब्लास्टिंग होते तवा पाह्यलं नाई का? आधी धुरळा दिसते, मंग धडाम!" राजूरच्या माणसाला यापुढे शास्त्र सांगावं लागत नाही. हल्ली सॉफ्टवेअर आवाजाच्या रेषा पाहून आपोआप जुळवणी करतं. पण डीजे दणाणला की तेही गोंधळतं, हे सांगताना भाऊचा चेहरा उजळतो. शिवाय प्रत्येक यंत्राचं घड्याळ आपल्या चालीनं चालतं. सुरुवातीला नीट जुळलेलं तासाभरानं दोन-तीन फ्रेम सरकतं. मुहूर्त 11.40 चा असून लग्न दीडला लागलं तर भाऊला त्याचं काही नाही. नवरीचे ओठ दोन फ्रेम मागे राहिले की मात्र त्याला जेवण जात नाही.

गेल्या मे महिन्यात ऐन तिसऱ्या मंगलाष्टकात एका कॅमेऱ्याची बॅटरी बसली. नवी बॅटरी, नवी क्लिप, म्हणून नवी टाळी. भाऊनं ती वाजवली. मांडवाला वाटलं, लागलं लगन! अक्षता उडाल्या, ताशावर काडी पडली, मागच्या चार रांगा पंगतीत जाऊन बसल्या. आंतरपाट तसाच धरलेला. नवरीच्या पाठीशी उभा मामा भाऊकडे वळून जे बोलला ते छापण्याजोगं नाही. तीनही कॅमेऱ्यांनी ते टिपलं, आणि टाळी ताजी असल्यामुळे जुळणी एकदम चोख.

परवा त्या घरी टीव्हीवर लग्न लावलं होतं. पडद्यावर मामाचं तोंड भलंमोठं उघडलं आणि आतून भटजींचं लांबलचक "सावधाऽऽन" निघालं. आजी म्हणाली, "पाह्य, मामा किती जीव लावून म्हणते!"

भाऊ कोपऱ्यात चहा धरून बसला होता. माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "ओठ जुळत नाई ना राज्या."