आत्याचं नाक

(रंगमंचावर एक टेबल. त्यावर एक लांब दांडीचा ग्लास, स्टीलचा लोटा आणि एक जाड हिशेबाची वही. साठी उलटलेला एक गृहस्थ येतो. झब्ब्यावर पोटाशी फिकट जांभळा डाग. हातात कापडी पिशवी. पिशवी टेबलावर ठेवताना आतून खणखण असा आवाज येतो. तो दचकून प्रेक्षकांकडे बघतो.)

व्हिनेगर आहे.

(थांबतो.) सवय झालीय हो. लिफ्टमध्ये कोणी भेटलं की तोंडातून आपोआप बाहेर पडतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू परवा म्हणाल्या, "दर महिन्याला पाच बाटल्या व्हिनेगर? चायनीजची गाडी लावलीत की काय?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं. आमच्या सोसायटीत भिशी आहे. बायकांची आहेच, पण ही आमची. वाइनची भिशी. दहा सभासद, माणशी 500 रुपये, महिन्यातला दुसरा शनिवार, जागा गच्ची. मी खजिनदार. छत्तीस वर्षं बँकेत काढली म्हणून एकमताने माझ्या गळ्यात घातलं. पैसे गोळा करायचे, बाटल्या आणायच्या आणि ही वही ठेवायची. (वही उचलून दाखवतो.) वाइनचं नाव, साल, किंमत, वास, चव, आणि शेवटचा रकाना : 'परत घ्यावी की नाही?' बाकीचे सगळे रकाने शोभेचे. पुणेकर वाचतो तो शेवटचाच.

हिशेब सरळ आहे. बाटली 750 मिलीची, माणसं दहा, म्हणजे माणशी 75 मिली. पाच बाटल्यांचे झाले 375. म्हणजे माणशी अर्धी बाटली! बायको म्हणाली, "अहो, हे पिणं झालं." म्हटलं, नाही. अर्धी बाटली एकाच वाइनची घेतली तर ते पिणं. पाच बाटल्यांतून थोडी थोडी मिळून अर्धी झाली, तर ते टेस्टिंग.

(पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढतो.)

पहिली खरेदी सांगतो. एप्रिल महिना, भर दुपार. दुकानावर पाटी 'वाइन शॉप'. आत जाऊन म्हटलं, "वाइन आहे का?" काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी चपलांच्या दुकानात चप्पल सोडून मोजे मागितले. तो आत वळून ओरडला, "शेठ, वाइन मागतायत!" शेठ बाहेर आले. स्टूल आलं. स्टुलावर मुलगा चढला. सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला टेकून, देवाच्या फोटोच्या उदबत्तीचा धूर खात चार बाटल्या उभ्या होत्या. त्याने एक काढली, फुंकर मारली, शेठना शिंक आली. मी विचारलं, "कुठल्या सालची?" शेठ म्हणाले, "फ्रेश आहे साहेब, आत्ताच आली."

बाटली हातात घेतली, तर नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखी गरम!

वहीत पहिली नोंद त्या दिवसाची आहे. (वाचतो.) 'उन्हातली, दिव्याखालची, हाताला गरम लागणारी बाटली घेऊ नये. बूच असेल तर दुकानात आडवी ठेवलेली बघावी. उभी राहून बूच वाळतं आणि हवा आत शिरते. फिरकीचं झाकण असेल तर नाक मुरडू नये, त्याला वाळायचा प्रश्नच नाही. पांढरी स्वस्तातली असेल तर साल जितकं अलीकडचं तितकं बरं.' या नोंदीसाठी मला 780 रुपये मोजावे लागले. तुम्हाला फुकट दिली.

मग शेठनी ती बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, वर रबरबँड, वर काळी पिशवी. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. 24 मे 1976 ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज वाइनविक्रेत्याने फ्रेंच परीक्षक बसवले, कुठली वाइन कुठली ते झाकून चाखायला दिली, आणि लाल-पांढऱ्या दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. परीक्षक हादरले, जगभर बोलबाला झाला. कशामुळे? तर ओळख झाकली होती. अहो, आमच्या पेठेतला शेठ गेली चाळीस वर्षं रोज शंभर बाटल्या झाकून देतोय! त्याला साधा नारळ नाही कोणी दिला.

(खिशातून एक कागद काढून फडकवतो.)

हो, परवाना आहे माझ्याकडे, आजन्म. वाइनची राजधानी म्हणून मिरवणारं नाशिक ज्या राज्यात, त्या राज्याच्या कायद्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949. त्यामुळे घ्यायची तर परवाना लागतो, आणि तो मिळतो प्रकृती राखण्यासाठी! बायकोला कागद दाखवला. ती म्हणाली, "मग सकाळी फिरायला जायचा परवाना पण काढा."

जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला मंजुरी दिली, तेव्हा वाइन म्हणजे दारू की दारू नाही यावर महाराष्ट्र महिनाभर भांडत होता. आमची आत्या टीव्हीसमोर बसून म्हणाली, "म्हणजे आता दूधवाला विचारणार का, गाईचं की लाल?" पुढे ते बारगळलं. आत्याचा प्रश्न राहिला.

आत्या कोण ते सांगतो, पण आधी अध्यक्ष.

आमचे अध्यक्ष युरोप सहलीला जाऊन आलेत. दहा दिवसांत सात देश. त्यात बोर्दो दीड तास, त्यातली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत. उरलेल्या सत्तर मिनिटांवर ते आमचं अध्यक्षपद सांभाळतात. पहिल्या बैठकीला म्हणाले, "ग्लास दांडीला धरा. फिरवा." (ग्लास गरगर फिरवतो.) मी फिरवला. (झब्ब्यावरच्या डागाकडे बोट.) हा तो. मग म्हणाले, "आता वाइनचे पाय बघा." मी वाकून टेबलाखाली बघायला लागलो. पाय म्हणजे ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या त्या धारा. सगळे "वा, वा, काय पाय आहेत" म्हणायला लागले. मी नंतर पुस्तकात वाचलं : त्या धारांवरून अल्कोहोल किती त्याचा अंदाज येतो, वाइन चांगली की वाईट ते नाही. पण पायांची स्तुती करून झाली होती, आता मागे कशी घेणार?

मग वास. अध्यक्षांनी डोळे मिटले. "ब्लॅककरंट." लगेच सगळ्यांना ब्लॅककरंट आलं. अहो, आमच्या सोसायटीत आइसक्रीमच्या बाहेर ब्लॅककरंट बघितलेला माणूस नाही! चौथ्या मजल्यावरचे मास्तर भीतभीत म्हणाले, "मला बोरं येतायत हो. शाळेबाहेर मिळायची ती." अध्यक्ष म्हणाले, "वाइनमध्ये बोर येत नाही." मास्तरांनी पुन्हा हुंगलं आणि म्हणाले, "हो हो, ब्लॅककरंटच."

मला तर आधी तो 'रूम टेंपरेचर' प्रकारच कळेना. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी म्हणे. कुणाच्या खोलीच्या? ती खोली युरोपातल्या जुन्या दगडी घराची, सोळा-अठरा अंशांची. आमच्या गच्चीवर मे महिन्यात संध्याकाळी सातला चौतीस! त्या तापमानाला लाल वाइन म्हणजे काढा. म्हणून मी गुपचूप अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवतो, इडलीच्या पिठामागे. अध्यक्ष दर वेळी म्हणतात, "बघा, किती छान उघडलीय." उघडली नाही हो, निवलीय.

(खुर्ची पुढे ओढून बसतो.)

तर मे महिन्यातला दुसरा शनिवार. अध्यक्षांनी स्वतःची बाटली आणली होती. बोर्दोची, विमानतळावरून घेतलेली, किंमत 5,200 रुपये. ती त्यांनी तीन वेळा सांगितली. बूच काढलं. ग्लास भरले. हुंगलं. कोणीच काही बोलेना. मग अध्यक्ष म्हणाले, "माती. जुनं जंगल. पाऊस पडून गेलेलं." कोणी म्हणालं, जुनं ग्रंथालय. मास्तर तर म्हणाले, "इतिहासाचा वास येतोय."

तेवढ्यात आत्या वर आली. वय ब्याऐंशी, कुरडया उचलायला आलेली. जुन्या लुगड्यावरच्या कुरडया ताटात भरता भरता तिने नाक वर केलं.

"काय रे, कुणाचं खोकं भिजलंय?"

मी म्हटलं, "आत्या, खोकं नाही, वाइन आहे."

"बघू." मास्तरांच्या हातातून ग्लास घेतला. फिरवला नाही, पाय बघितले नाहीत. नाकाशी नेला आणि लांब केला. "पुठ्ठा. माळ्यावर ठेवलेलं खोकं पावसात ओलं झालं ना, की अस्सा वास येतो. बाधलीय ही. मोरीत ओता."

(उठतो.) अहो, माझे हातपाय गार! कारण मी पुस्तक वाचलेलं. बुचात कधी कधी टीसीए नावाचं द्रव्य तयार होतं, आणि ते नखभर काय, नखाच्या टोकाएवढंसुद्धा नको, सगळी बाटली वाया. आणि त्याचा वास कसा, तर पुस्तकात शब्दशः लिहिलंय : ओला पुठ्ठा! दहा माणसं दहा मिनिटं 5,200 रुपयांच्या नासलेल्या वाइनमध्ये फ्रान्सचा इतिहास शोधत होती, आणि कुरडयांच्या ताटामागून निकाल लागला.

अध्यक्षांचा चेहरा उतरला. मी त्यांना धीर दिला. म्हटलं, मनाला लावून घेऊ नका. खुद्द बोर्दोत फ्रेडरिक ब्रोशे नावाच्या संशोधकाने वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली. पोरांनी तिचं वर्णन केलं लाल वाइनच्या शब्दांत! रंग बघून नाक फसतं. ते म्हणाले, "मी विद्यार्थी आहे का?" म्हटलं, "नाही, पण शहर तेच आहे."

त्या दिवसापासून आत्या गच्चीवर येते. पीत नाही. "नुसता वास घेते, वासाने काही चतुर्थी मोडत नाही." आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्या ओततो, ती हुंगते.

नाशिकची सोव्हिन्यों ब्लां. आत्या : "ढोबळी मिरची चिरलीय कुणीतरी. बिया न काढता." पुस्तक उघडलं. त्या वाइनमधलं आणि ढोबळी मिरचीतलं वासाचं द्रव्य एकच!

शिराझ. आत्या : "मिरी. जाडसर कुटलेली, ताजी." मिरीला तो वास देणारं रोटंडोन नावाचं द्रव्य शिराझमध्येही सापडतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते जगासमोर मांडलं 2008 साली, केवढाली यंत्रं लावून. आत्याने मांडलं कुरडया मोजता मोजता.

मग मास्तरांच्या मुलाने जर्मनीहून एक जुनी रिसलिंग पाठवली. आत्याने नाक लावलं आणि एकदम ताठ बसली. "रॉकेल! हे रॉकेल आहे रे, निळं! माझं अर्धं आयुष्य रेशनच्या रांगेत गेलं, मला फसवता?" अध्यक्ष हसले. मी हसलो नाही. मी पान उलटलं. मुरलेल्या रिसलिंगला रॉकेलचा वास येतो, आणि लोक तो आवडीने शोधतात, जास्त पैसे मोजून. आत्या म्हणाली, "एवढं होतं तर कॅन सांभाळून ठेवला असता."

मास्तर हळूच म्हणाले, "आत्या, मला मागे एकदा बोरं आली होती." आत्या म्हणाली, "आली तर आली म्हणावं." मास्तरांनी वहीत जाऊन जुन्या नोंदीतलं ब्लॅककरंट खोडलं आणि बोरं लिहिलं. माझ्या वहीत खाडाखोड! छत्तीस वर्षांत चालवून घेतली नव्हती. पण सही केली.

मागच्या महिन्यात आमचा मेहुणा आला होता, दिंडोरीचा, द्राक्षबागायतदार. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, जानेवारी ते मार्च माल. तो खायच्या द्राक्षाचा माणूस, लांब टपोरा मणी, बिया नाहीत. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. तो म्हणतो, "आमच्या बाजारात असला माल नेला तर व्यापारी गाडीतून उतरणार नाही." येताना शेजारच्या बागेतल्या लाल द्राक्षांची एक बाटली घेऊन आला. किंमत 850.

आत्याने हुंगली. काही बोलली नाही. पुन्हा हुंगली. आम्ही सगळे बघतोय. मग तिने उजवा हात पुढे केला. असा. (तळवा खोलगट करतो.) "घाल पळीभर."

गच्चीवर आवाज नाही. पळी कुठून आणणार? मी लोट्यातून चमचाभर तिच्या तळव्यावर घातली. तिने डोळे मिटून तोंडाशी नेली, घेतली. आणि ऐंशी वर्षांची सवय हो, ओला हात डोळ्यांना लावला आणि डोक्यावरून फिरवला!

दहा जण उठून उभे राहिले. का, ते त्यांनाही माहीत नाही.

आत्याने जीभ टाळ्याला लावून टक् केलं. "तुरट आहे. पण कात खाल्ल्यासारखी नाही, जांभळासारखी. जरा थांबलं की मागून गोडवा येतो. केवढ्याची म्हणालास?"

"साडेआठशे."

(टेबलाशी जातो. वही उघडतो. पेन काढून लिहिता लिहिता मोठ्याने वाचतो.)

वास : मिरी, थोडं जांभूळ. चव : तुरट, मागून गोड. किंमत : 850. परत घ्यावी की नाही... (वर बघतो.) आत्या म्हणाली, "दोन घे. एक माझ्या फडताळात ठेव. आडवी."

(लिहितो. वही मिटतो. पिशवीतली बाटली उघडून थोडी स्वतःच्या तळव्यावर घेतो. पितो. हात डोळ्यांना लागतो, मग डोक्यावरून फिरतो. लिफ्टचा टिंग असा आवाज. तो हात मागे लपवतो.)

व्हिनेगर आहे!

(अंधार.)