मूठभर डाळ-तांदळाचा कोर्स

नागपुरात मेंदूला धार लावून देणाऱ्यांची वाण नाही. पहिलीतल्या पोराला अबॅकस, पाचवीत वैदिक गणित, दहावी झाली की नीट-जेईईचे दोन वर्षांचे पॅकेज. मध्यंतरी तर डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचायला शिकवणाऱ्या ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’वाल्यांनी महाराष्ट्रभर दुकाने थाटली होती. पोरे नाकाजवळच्या फटीतून वाचतात हे अंनिसवाल्यांनी दाखवून दिले, पण ज्यांनी फी भरली होती त्यांना ते बघवेना.

एवढ्या गर्दीत एका क्लासचा बोर्ड काही दिसत नाही. पोट्टा एकोणीस-वीसचा आहे, सायकोसिसमधून, म्हणजे भास-संशयाच्या आजारातून, नुकता उठला आहे, कानातले आवाज गोळ्यांनी बसले आहेत आणि बी.कॉम. पुरे करायचे म्हणतो आहे. त्याच्या मेंदूला सराव कोण देणार?

हा आजार वय बरोब्बर हेरतो. सायकोसिसचा एक प्रकार असलेला स्किझोफ्रेनिया बहुतेकांना पंचविशीच्या आसपास किंवा त्याआधीच गाठतो, म्हणजे ऐन कॉलेजात. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभर प्रौढांमागे १.४ जणांना आयुष्यात कधी ना कधी सायकोसिसने गाठल्याचे आढळले. गोळ्या भास हटवतात, संशय कमी करतात. लक्ष, आठवण आणि विचाराचा वेग यांच्या वाटेला मात्र त्या फारशा जात नाहीत. आणि आपले कॉलेज परीक्षा कशाची घेते? लक्षाची, आठवणीची आणि वेगाची.

सर फळ्यावर म्हणतात, ‘मागच्या तासाच्या जर्नल एन्ट्र्या घ्या आणि लेजरला पोस्ट करा.’ पोरगा मागचा तास आठवून पान काढेपर्यंत फळा पुसलेला असतो. त्यातून पहिले लेक्चर साडेसातचे. रात्रीच्या गोळीची गुंगी नऊपर्यंत उतरत नाही. मग हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली जाते आणि डिफॉल्टरच्या यादीत नाव लागते. प्राचार्य पालकांना बोलावून सांगतात, ‘मुलाला अभ्यासाची आवडच नाही.’ एका वाक्यात निदान, तेही बिनफीचे.

बरे, यावर उपाय सापडलेला नाही असेही नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजात टिल वाइक्स यांनी उभे आयुष्य लक्ष-आठवणीच्या सरावांमागे घातले. २०११ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ४० अभ्यासांची, दोन हजारांवर रुग्णांची गोळाबेरीज मांडली. फायदा माफक, पण टिकणारा. नुसते संगणकावर खेळ खेळवून काम होत नाही. शेजारी बसलेला माणूस दर वेळी विचारतो, ‘हे कसं जमवलंस? उद्या वर्गात हीच युक्ती कुठे लागेल?’ मोठे काम तुकड्यांत करायचे, पायऱ्या मोठ्याने म्हणायच्या, डोक्यात राहत नसेल तर लिहून ठेवायचे. पुनर्वसनाची जोड असली की रोजच्या जगण्यात फरक जास्त पडतो, हेही त्याच गोळाबेरजेत निघाले. टोरोंटोत तर आजारानंतर पुन्हा शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांवरच या सरावाची रीतसर चाचणी झाली, आणि २०१४ साली ती छापूनही आली.

परदेशाचे कौतुक पुरे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत मेंदूच्या सरावासाठी जी कामे वापरतात त्यांत एक आहे धान्य निवडण्याचे. थाळीत दोन-तीन धान्ये एकत्र करायची, ती वेगळी करायची, घड्याळ लावायचे, चुका मोजायच्या. दुसरे काम कागदावरचे: अक्षरांच्या ओळींतून नेमके एकच अक्षर हुडकून खोडत जायचे. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना निम्हान्सवाल्यांनी दोन महिने घरच्या घरी असा सराव दिला. लक्ष दोन कामांत वाटणे, कामाची आखणी करणे यांत सुधारणा दिसली. २०१२ साली हा अभ्यास इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्रीत आला. खर्च म्हणाल तर मूठभर डाळ-तांदूळ, एक पेन्सिल आणि शिकवणारा एक माणूस. एवढ्या स्वस्त गोष्टीवर आपला विश्वास बसायचा कसा? टॅबलेट आणि टी-शर्ट देत नाहीत तो कोर्स कसला!

डाळ निवडून डिग्री मिळते असे कोणी म्हणत नाही. पोरगा कॉलेजात टिकायला हवा, तरच सरावाचा उपयोग. आणि कॉलेजात परतायची वाट जाते सिव्हिल लाइन्समधून, सेतू केंद्राबाहेरच्या टायपिस्टच्या टेबलावरून. वर्ष वाया गेले की गॅपचे ॲफिडेव्हिट लागते. मजकूर तयारच असतो: या काळात मी अन्यत्र प्रवेश घेतला नाही, माझ्यावर कोणताही गुन्हा दाखल नाही. शेजारच्या एका बाईंसोबत गेलो होतो, मुलगा मागे उभा. टायपिस्टने मान वर न करता विचारले, ‘कारण काय टाकू जी?’ बाई गप्प. ‘घरगुती अडचण टाकून देतो ना जी, सगळेच टाकतात.’ पोराने सही केली. गुन्हा केला नाही हे शपथेवर सांगितले. आजारी होतो हे मात्र कुठेच सांगितले नाही.

आणि हे कोणत्या शहरात, तर ताजुद्दीन बाबांच्या! बाबांना १८९२ साली नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात घातले आणि १९०८पर्यंत ते तिथेच होते. लोक दर्शनाला इस्पितळाच्या दारापर्यंत जात. शेवटी रघुजीराव भोसल्यांनी त्यांना मानाने आपल्या वाड्यावर नेले. आजही ताजबागला त्यांच्या दर्ग्यावर सगळ्या जातिधर्मांची माणसे माथा टेकतात. म्हणजे पागलखान्यातून आलेल्या माणसाला मान द्यायचा नाही असा काही नागपूरचा दंडक नाही. अट एवढीच, तो अवलिया हवा. सेकंड इयरचा विद्यार्थी असेल तर घरगुती अडचण.

कायदा शहराहून दिलदार निघाला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत मानसिक आजारही आहे. परीक्षेत जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक, आजार चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त मोजला गेला तर सरकारी कॉलेजांत पाच टक्के राखीव जागांत वाटा, सगळे लिहून ठेवले आहे. फक्त त्यासाठी प्रमाणपत्र काढावे लागते, आणि प्रमाणपत्र काढले की ते उद्या सोयरिकीच्या वेळी कोणी दाखवील या धास्तीने आईबाप ते काढत नाहीत. आईबापांना नावे ठेवणे सोपे आहे. त्यांनी गल्ली बघितली आहे, आपण कायदा वाचला आहे.

२०२५च्या जुलैत सुप्रीम कोर्टानेही कॉलेजांचे कान पिळले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. आमच्याकडे आधीपासून आहे, असे म्हणणारी कॉलेजे तेव्हा लगेच पुढे आली. खोटे नाही ते. जिन्याखाली ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी असते, दाराला कुलूप असते आणि आत गॅदरिंगचे पडदे ठेवलेले असतात. किल्ली क्रीडाशिक्षकांकडे. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती प्रत्यक्ष यायची तेव्हा पडदे हलत, टेबलावर कुंडी येई, रजिस्टरमध्ये मागच्या वर्षभराच्या भेटी एकाच पेनाने भरल्या जात. समिती दोन-तीन दिवस मुक्कामाला असे, आणि तेवढ्यापुरता तो कक्ष खरोखरच उघडा असे. निम्हान्सच्या कोर्सला दोन महिने लागतात.