उसाच्या फडाशेजारी प्लास्टिकचं गवत

पुणे-सोलापूर महामार्गावर यवत आणि चौफुला मागे टाकून वरवंडकडे निघालं की कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस नजरेत मावत नाही. या हिरवाईच्या ऐन मधोमध नवा कॅफे उघडतो आणि त्याच्या भिंतीवर प्लास्टिकचं गवत चिकटवलं जातं. गवतावर निऑनची अक्षरं, अक्षरांपुढे झोपाळ्याची खुर्ची. बाहेरचा खराखुरा ऊस फोटोत घुसू नये म्हणून खिडकीला काळी फिल्म. या गवताला पाणी लागत नाही, खत लागत नाही, त्यात बिबट्या लपत नाही. धूळ तेवढी बसते. ती उडवायला अधूनमधून फवारणीचा पंप आणतात. म्हणजे शेतीशी नातं अगदीच तुटलेलं नाही.

दुकानांचं हे, तर घरांचं काय विचारता!

दौंड तालुक्यातल्या बंगल्याचं इंटेरिअर राहण्यासाठी करतात, असा शहरातल्या लोकांचा समज आहे. ते करतात मुलाच्या लग्नासाठी. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळणं किती अवघड झालंय, ते ज्याच्या घरी पोरगा आहे त्यालाच ठाऊक. बायोडेटात बागायत किती ते लिहिता येतं, पण पाहुणे आधी मान वर करून छत बघतात. छत साधं दिसलं की स्थळ साधं. म्हणून उसाचं बिल खात्यात पडलं, की आधी ‘फॉल सिलिंग’.

या फॉल सिलिंगचा प्रवास बघण्यासारखा आहे. जिप्सम दीडशेएक अंश सेल्सिअसला भाजलं की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. पॅरिसजवळच्या खाणींमुळे त्याला ते नाव पडलं. आपल्याकडे जिप्सम येतं ते मुख्यतः राजस्थानातून. पुष्कळदा सुतारही तिकडचाच असतो. फरशी गुजरातेतल्या मोरबीची, प्लायवूड हरियाणातल्या यमुनानगरचं, आणि डिझाइन मोबाइलमधलं, म्हणजे कुठलंच नाही. मालक स्क्रीनवर बोट ठेवून म्हणतो, “दादा, हे असंच पाहिजे.” दादा मान डोलावतो. फोटोतला हॉल स्वीडनमधला असतो, तिथे थंडीच्या दिवसांत दुपारीच अंधार पडतो आणि उबदार पिवळ्या उजेडाची खरी गरज असते. आपल्या पर्जन्यछायेच्या मुलखात मे महिन्यात अंगणात पापड अर्ध्या दिवसात वाळतात. तरीही ३००० केल्विनचे पिवळे दिवे छताच्या चारी अंगांना फिरतात, आणि घाम पुसत पुसत सगळे ‘काय वॉर्म लूक आलाय’ म्हणतात.

याच मुलखात धाब्याची घरं होती. दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, लाकडी तुळयांवर किलचनं, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, उजेडाला आणि धुराला छतात सवणं. बाहेर रणरणतं ऊन असताना आत गोधडी घ्यावीशी वाटे. त्या घरांचे तोटे होते. दर पावसाळ्याआधी माती टाकावी लागे, विंचू-काटा असायचा, आणि लिंपून-सारवून कंबर जायची ती बायकांचीच. ती पाडली याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. पण भिंतीतला खरा कोनाडा बुजवून जिप्समचा खोटा कोनाडा करायचा, त्यात प्लास्टिकचा बुद्ध बसवायचा आणि गणपतीला पॅसेजमध्ये पाठवायचं, या हिशेबाला मात्र दाद द्यावी लागते.

सगळ्यात देखणी खोली स्वयंपाकघराची. मॉड्युलर किचन, अलगद मिटणारे ड्रॉवर, वर काचेची चिमणी. प्लाय ‘७१०’चंच पाहिजे, असा मालकाचा हट्ट. ७१० हा पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचा भारतीय मानक क्रमांक. जहाजाला चालेल असलं लाकूड, आणि त्याला वर्षभरात पाणी लागतं ते फक्त पुसायच्या फडक्याचं. कारण भाकरी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चुलीवर होते. फोडणीचा ठसकाही तिकडेच. आत फोडणी दिली तर ॲक्रिलिकला डाग पडेल, आणि उद्या पाहुणे आले तर?

आता उसाच्या चिपाडापासूनही बोर्ड होतो, त्याचं फर्निचरही बनतं. पण आपल्याच फडातलं चिपाड कपाट होऊन घरी आलं, हे सोयऱ्यांना सांगणार कसं? ‘इंपोर्टेड लॅमिनेट’ म्हटलं की सोयरा सोफ्यावर जरा सावरून बसतो. सोफ्यावरचं कंपनीचं प्लास्टिक अजून काढलेलं नसतं, त्यामुळे तो सावरता सावरता घसरतोही.

लग्न जमलं, झालं, सूनबाई आली. ती शेडमध्येच बसते, तिथे वारा लागतो.

मग पहिल्या मोठ्या पावसात स्लॅब गळतो आणि फॉल सिलिंगवर चहाच्या रंगाचा डाग उमटतो. पीओपीवाला म्हणतो स्लॅबचं काम कच्चं, स्लॅबवाला म्हणतो टाकीचा पाइप गळतोय, प्लंबर फोन उचलत नाही. शेवटी डागाचा फोटो इंटेरिअरवाल्याला जातो. पाच मिनिटांत त्याचं उत्तर येतं: डागाभोवती एक प्रोफाइल लाइट फिरवू, मस्त हायलाइट होईल. रनिंग फुटाचा दर जुनाच, कटिंगचे वेगळे.